तूतानखामूनला त्याच्या काळात तूतानखामून म्हणायचेच नाहीत? आणि वर्षं परत एकपासून?

भाचा_नंबर_तीन

मंडळी, एक घरगुती भांडण सोडवायला मदत हवीये. माझी आत्या गेल्या महिन्यात ग्रुप टूरने इजिप्तला जाऊन आली आणि आल्यापासून घरात दुसरा विषय नाही. फ्रीजवर नेफर्टिटीचं मॅग्नेट, हॉलमधे पपायरस आणि गळ्यात तिचं नाव कोरलेलं चांदीचं लांबट पेंडंट, ते भाजीवाल्याला पण दाखवून झालंय.

तर तिथल्या गाईडने सांगितलेल्या दोन गोष्टी आत्या वेदवाक्य असल्यासारखं सांगत फिरतीये. एक म्हणजे प्रत्येक राजाला पाच नावं असायची आणि तूतानखामूनला त्याच्या हयातीत तूतानखामून असं कोणी म्हणायचंच नाही, त्याचं नाव वेगळंच होतं. आणि दुसरं म्हणजे त्यांच्याकडे इसवी सन, शक वगैरे काही नव्हतंच, राजा मेला की वर्ष परत एकपासून सुरू. बाबा (बँकेतून रिटायर, त्यामुळे तारखेच्या बाबतीत भयंकर कडक) म्हणतात हे सगळं टुरिस्टांना गंडवायला सांगतात, असं असतं तर चेक कसा वटला असता, आणि पुस्तकात तूतानखामून मेला ते साल सरळ इ.स.पू. १३२३ असं छापलेलं असतं ते मग कुठून आलं.

दोघं एकमेकांशी नीट बोलत नाहीयेत. कोण बरोबर?

वाळूतला_बगळा

आत्या पास. अगदी डिस्टिंक्शन नाही पण पास.

पाच नावं ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. राजा गादीवर बसला की त्याचा नावांचा पूर्ण संच जाहीर व्हायचा, होरस देवाच्या नावाने एक, मग दोन देवींचं एक (वरच्या इजिप्तची गिधाडरूपी नेखबेत आणि खालच्याची नागीण वाजेत), मग सोन्याच्या होरसचं एक, मग चौथं ज्याच्या आधी लव्हाळा आणि मधमाशी अशी दोन चिन्हं काढतात ते गादीवरचं नाव, आणि पाचवं "रा देवाचा पुत्र" असं लिहून पुढे येतं ते जन्मनाव. तूतानखामूनचं उदाहरण घ्या, होरसनावात तो "बलदंड बैल", देवींच्या नावात "चांगल्या कायद्यांचा, दोन्ही भूमी शांत करणारा", सोन्याच्या नावात "मुकुट मिरवणारा, देवांना संतुष्ट करणारा", गादीवरचं नाव नेबखेपेरूरे आणि जन्मनाव तूतानखामून. म्हणजे आपल्याकडे "क्षत्रियकुलावतंस सिंहासनाधीश्वर" अशी ललकारी देतात ना तसंच काहीसं, फक्त यांच्यात कुठलं बिरुद कितव्या नंबरला आणि त्याच्या आधी कुठलं चिन्ह हे सगळं ठरलेलं.

आता म्हणायचे काय. परराष्ट्र व्यवहारात तरी चौथं नाव चालायचं आणि याचा पुरावा एकदम झकास आहे. १८८७ मधे अमार्नाला मातीच्या विटांवर लिहिलेली पत्रं सापडली, साडेतीनशेच्या वर आहेत, बाबिलोन, मितान्नी वगैरे राजांची इजिप्तच्या दरबाराशी झालेली लिखापढी, तीसुद्धा इजिप्शियन भाषेत नाही तर अक्कादीमधे, कीलाक्षर लिपीत. त्यात बाबिलोनचा राजा बुर्नाबुरियाश एका फारोला "निब्हुरुरिया" म्हणून पत्र लिहितो. निब्हुरुरिया म्हणजे बहुतेकांच्या मते आपला नेबखेपेरूरेच! इजिप्शियन लिपीत स्वर लिहीत नाहीत त्यामुळे नेब-खेपेरू-रे हा उच्चार आपण आपल्या सोयीने केलाय, पण कीलाक्षरात स्वर असतात म्हणून खरा उच्चार कसा असेल ते या परक्या कारकुनांनी आपल्यासाठी लिहून ठेवलंय. अमेनहोतेप तिसऱ्याला पण हे लोक अमेनहोतेप म्हणत नाहीत, "निम्मुरेया" म्हणतात, ते त्याच्या गादीवरच्या नेबमाअतरे या नावावरून.

आणि ते लॉजिकल पण आहे. पहिला, दुसरा, तिसरा हे नंबर आपण लावलेत, त्यांनी नाही. रामसेस नावाचे अकरा राजे झाले, जन्मनाव सगळ्यांचं तेच, मग ओळखणार कसं? गादीवरच्या नावाने. रामसेस दुसऱ्याचं उसेरमाअतरे, त्याचंच ग्रीकांनी ओझिमँडियास केलं.

गाईडने थोडं मीठ लावलंय ते "कोणीच म्हणायचं नाही" या वाक्यात. रामसेस दुसऱ्याला लोक लाडाने "सेसी" म्हणायचे असे कागद आहेत, ते जन्मनावावरूनच आलेलं. घरच्यांसाठी बंड्या तो बंड्याच.

चहा_कटिंग

माझीपण पाच नावं आहेत. आधारवर एक, पॅनवर स्पेलिंग वेगळं, दहावीच्या सर्टिफिकेटवर तिसरं, लाईट बिल आजोबांच्या नावाने आणि बायको जे म्हणते ते इथे टाईप करता येत नाही. केवायसीला गेलो की मी पण फारोच.

सुपारी_कातर

बगळेभाऊ, फारो हा शब्द पण मजेशीर आहे, त्यावर लिहा की.

वाळूतला_बगळा

हो, ते राहिलंच. फारो हे मुळात राजाचं नावही नाही आणि पदवीही नाही. "पेर-आ" म्हणजे मोठं घर, वाडा. आपल्याकडे "वाड्यावरून निरोप आलाय" म्हटलं की भिंती बोलल्या असं कोणी समजत नाही, तसंच. आधी फक्त राजवाडा हा अर्थ, मग नवीन राज्याच्या काळात, म्हणजे साधारण इ.स.पू. १५०० नंतर, राजालाच तसं म्हणायला लागले, आणि नावाच्या आधी पदवीसारखं लावणं तर त्याहून पुष्कळ उशिरा आलं. म्हणजे पिरॅमिडवाल्या खुफूला फारो खुफू म्हणणं हे आपण लाडाने म्हणतो, त्याला कळलंही नसतं.

आणि ते लांबट वर्तुळ ज्यात नाव लिहितात, आत्याच्या पेंडंटसारखं, त्याला कार्तूश म्हणतात. नेपोलियनच्या फौजेतल्या फ्रेंच शिपायांना ते बंदुकीच्या काडतुसासारखं दिसलं म्हणून ते नाव. आपला काडतूस हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, तो त्याच घराण्यातला. म्हणजे आत्याच्या गळ्यात मराठीत बोलायचं तर काडतूस आहे.

पहिल्यापासून राजाचं नाव यातच लिहायचे.

मोडीवाचक

शेवटच्या वाक्याला ऑब्जेक्शन. पहिल्यापासून नाही. सगळ्यात जुन्या राजांची नावं "सेरेख" म्हणतात त्या चौकोनात असायची, राजवाड्याच्या दर्शनी भागाचं चित्र आणि वर होरसचा ससाणा बसलेला. कार्तूश नीट रुळलं ते स्नेफ्रू म्हणजे खुफूच्या बापाच्या सुमारास.

वाळूतला_बगळा

मान्य. घाईत लिहिलं.

मोडीवाचक

आता वर्षांचं. भाचेसाहेब, तुमच्या बाबांना सांगा की राजा बदलला की वर्ष एकपासून ही पद्धत आपल्याला एवढी परकी नाहीये. मी जुनी मोडी कागदपत्रं वाचतो (पोटापाण्यासाठी नाही, खाज म्हणून), त्यात तारखेचे चार चार प्रकार एका पानावर येतात. मुघल कागदात बादशहाचं जुलूस वर्ष, म्हणजे गादीवर बसल्यापासून कितवं ते. सुहूर सन अरबी आकड्यांच्या शब्दांत. आणि १६७४ पासून राज्याभिषेक शक. फक्त फरक असा की शिवाजी महाराजांचा शक त्यांच्यानंतर पुढे मोजत राहिले, इजिप्तमधे मात्र दर राजाला पाटी कोरी.

त्यातही एकदम पहिल्यापासून आकडे नव्हते. सुरुवातीच्या राजवंशांत वर्षाला नाव असायचं, अमुक देवाची मूर्ती घडवली ते वर्ष, तमुक शत्रूला ठोकलं ते वर्ष. पालेर्मोला एक काळा दगड आहे त्यावर अशी वर्षं चौकटी पाडून लिहिलीत आणि प्रत्येक चौकटीखाली त्या वर्षी नाईलचं पाणी किती हात चढलं तेही. माझी आजी असंच सांगायची, तुझ्या काकाचा जन्म पानशेतच्या आधीचा, धाकटीचं लग्न बहात्तरच्या दुष्काळात. आकडा विचारला की चिडायची.

मग आली गुरांची मोजणी. सरकार कर लावायला दर दोन वर्षांनी गुरं मोजायचं आणि वर्ष त्यावरून सांगायचे, "सातव्या मोजणीचं वर्ष" नाहीतर "सातव्या मोजणीनंतरचं वर्ष". २०१३ मधे तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल जर्फला लिहिलेले पपायरस सापडले, आजवर मिळालेल्या लिहिलेल्या पपायरसांमधले सर्वात जुने. त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे, हा आपली माणसं घेऊन तुरा इथल्या खाणीतले चुनखडीचे दगड होडीने गिझाला पोचवायचा, खुफूच्या पिरॅमिडसाठी. आज इथे मुक्काम, उद्या दगड भरले, परवा होडी हाकली, एवढंच लिहिलंय दिवसामागून दिवस, पण वाचून अंगावर काटा येतो. आणि त्या गठ्ठ्यातली तारीख काय तर तेराव्या गुरमोजणीनंतरचं वर्ष. दोन वर्षांनी एक धरली तर सव्वीस सत्तावीस होतात. गोची अशी की काही राजांच्या काळात मोजणी दरवर्षी पण झाली असावी असं दिसतं, त्यामुळे कोणी किती वर्षं राज्य केलं यावर अभ्यासक अजून भांडतात.

मग हळूहळू गुरं गळाली आणि सरळ राजाचं वर्ष १, २, ३ असं आलं.

भाचा_नंबर_तीन

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणतात ठीक आहे पण राजा काय ३१ डिसेंबरला मरणार आहे का? मधेच मेला तर त्या वर्षाचं काय?

वाळूतला_बगळा

बाबांचा प्रश्न लाखमोलाचा. याचं उत्तर काळानुसार बदलतं. जुन्या आणि मधल्या काळात पुढच्या नववर्षाशी मेळ घालून घ्यायचे. पण नवीन राज्यात, म्हणजे तूतानखामून रामसेस वगैरे, वर्ष राजाच्या गादीवर बसण्याच्या दिवशीच बदलायचं! महिना आणि दिवस आपले कॅलेंडरनुसार पुढे चाललेत आणि वर्षाचा आकडा मधेच कुठेतरी उडी मारतो. रामसेस दुसरा शेमू म्हणजे कापणीच्या ऋतूच्या तिसऱ्या महिन्यात २७ तारखेला गादीवर आला असं धरतात, मग त्याच्या सहासष्ट वर्षांच्या कारकिर्दीत दरवेळी २६ तारखेपर्यंत एक वर्ष आणि २७ पासून पुढचं. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला बदलतं ना, तारीख तीच चालू राहते आणि वर्ष बदलतं, तसं. फक्त १ एप्रिल प्रत्येक राजाचा वेगळा. बँकवाल्यांना हे पटायला हवं.

देर अल मदीना म्हणून गाव होतं, राजांच्या थडग्यांचं काम करणाऱ्या कारागिरांचं, तिथले कागद आणि खापऱ्या ढिगाने सापडल्यात. रामसेस तिसरा मेला तेव्हा त्याचं ३२ वं वर्ष चालू होतं. थडग्यावर काम चाललेलं असताना पोलीस अधिकारी येऊन सांगतो, "ससाणा आकाशात उडून गेला". मेला असं म्हणायचं नाही. आणि त्याच दमात नवीन राजाचं नाव सांगून तो त्याच्या जागी बसलाय हेही सांगतो. झालं, शेमूचा तोच तिसरा महिना, दिवस पुढचे, पण वर्ष ३२ वरून थेट १. कारकुनाने दौतीत बोरू बुडवला आणि तेवढंच बदललं.

आता विचार करा, ही बातमी दूर नूबियातल्या किल्ल्यावर पोचेपर्यंत तिथला कारकून बिचारा जुनंच वर्ष लिहीत बसलेला.

कॉलनीतली_शेजारीण

ऋतू महिने निघाले म्हणून माझे दोन पैसे. मी दादरला पारशी कॉलनीच्या शेजारी वाढले, त्यामुळे इजिप्तचं कॅलेंडर पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं अरे हे तर आपल्या समोरच्या आंटींचं! बारा महिने, प्रत्येकी बरोबर तीस दिवस, झाले ३६०, वर पाच दिवस वेगळे. पारशी लोकांत ते गाथांचे पाच दिवस. इजिप्तमधे ओसायरिस, होरस, सेत, आयसिस आणि नेफ्थिस यांचे जन्मदिवस, आणि त्यातला सेतचा दिवस तर महा अशुभ. अभ्यासकांपैकी बऱ्याच जणांचं म्हणणं आहे की जुन्या इराणी लोकांनी ही पद्धत इजिप्तवरूनच उचलली, मधे पर्शियाचं इजिप्तवर राज्य होतं तेव्हा.

आणि दोघांचा घोळही तोच. लीप इयर नाही. त्यामुळे दर चार वर्षांनी नववर्ष एक दिवस मागे सरकतं. पारशी नवरोज (शहेनशाही वाला) आत्ता १५ ऑगस्टच्या आसपास येतो, आमच्या लहानपणी १९८४ च्या सुमारास २५ ऑगस्टला यायचा, चाळीस वर्षांत दहा दिवस, हिशोब करून बघा. आंटी फालुदा द्यायच्या म्हणून मला तारखा पाठ.

इजिप्तमधे हे हजारो वर्षं चाललं. तीन ऋतू होते, आखेत म्हणजे पूर, पेरेत म्हणजे पाणी ओसरून पिकं वर येतात तो, आणि शेमू म्हणजे कापणीचा. पण कागदावरचा पूर आणि खरा पूर हळूहळू फारकत घेत गेले, सातशे वर्षांनी कॅलेंडर म्हणतंय पूर आलाय आणि बाहेर शेतात कापणी चाललीये. इ.स.पू. २३८ मधे टॉलेमी तिसऱ्याच्या वेळी पुरोहितांनी ठराव केला की दर चार वर्षांनी पाचाऐवजी सहा दिवस धरा, लोकांनी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात ते लागू झालं. कॉप्टिक चर्चमधे तेच कॅलेंडर आजही चालू आहे आणि तिकडचे शेतकरी अजून तूबात थंडी, अमशीरात वारा असं त्याच महिन्यांवरून बोलतात.

चहा_कटिंग

आठवडा किती दिवसांचा?

कॉलनीतली_शेजारीण

दहा. खूश होऊ नका, सुट्टी सातातली नाही दहातली.

सुपारी_कातर

त्यावरून आठवलं, त्या कारागिरांच्या गावातला हजेरीपट ब्रिटिश म्युझियममधे आहे, चुनखडीच्या मोठ्या खापरीवर, रामसेस दुसऱ्याचं ४० वं वर्ष. चाळीसेक कामगारांची नावं, पुढे गैरहजेरीच्या तारखा आणि वर लाल शाईत बारीक अक्षरात कारण. विंचू चावला. डोळे आले. आईच्या प्रेताची बांधाबांध करत होता. आणि माझं सगळ्यात आवडतं, बिअर गाळत होता. हे चक्क मान्य कारण. आमच्या ऑफिसात सांगून बघायचंय एकदा.

घटका_पळे

सगळे वर्ष महिन्यातच अडकलेत, तासांबद्दल कोणीच बोलत नाही. दिवसाचे २४ भाग आपल्याला त्यांच्याकडूनच आलेत, बारा दिवसाचे आणि बारा रात्रीचे, पण ते तास सारखे नव्हते. उन्हाळ्यात दिवसाचा तास लांब, रात्रीचा छोटा. रात्रीचे तास आधी ताऱ्यांवरून मोजायचे, ३६ तारकागट धरलेले, दर दहा दिवसांनी पहाटे एक नवीन गट उगवायचा (दहाचा आठवडा इथे बसतो बघा), आणि त्यांचे तक्ते चक्क शवपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगवलेले सापडलेत. मेलेल्या माणसाला आडवं पडून किती वाजले ते कळावं म्हणून!

कर्नाकच्या मंदिरात १९०४ मधे एक पाणघड्याळ सापडलं, अमेनहोतेप तिसऱ्याच्या काळातलं, अलाबास्टरचं, दिसायला आपल्या मोठ्या कुंडीसारखं वर पसरट खाली निमुळतं. तळाशी भोक, त्यातून पाणी ठिबकत जातं, आत बारा रांगा खुणांच्या, एकेक महिन्याची एक रांग कारण रात्रीची लांबी बदलते. भिंती तिरक्या का तर भांडं भरलेलं असताना पाणी जोरात पळतं आणि कमी झालं की रेंगाळतं, म्हणून वर जास्त पाणी मावेल असा आकार, पातळी साधारण एका वेगाने उतरते. साडेतीन हजार वर्षांपूर्वी हे कोणाच्या डोक्यात आलं असेल.

आपल्याकडचं घटिकापात्र एकदम उलटं. आमच्या गावाकडे लग्नात अजून काही गुरुजी ठेवतात, पाण्याच्या गंगाळात बारीक भोकाची तांब्याची वाटी सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका. तिकडे पाणी बाहेर, इकडे पाणी आत. आणि आपली घटका बारा महिने चोवीस मिनिटांचीच.

शंकासूर

हे सगळं छान आहे पण मूळ प्रश्न राहिला ना. प्रत्येक राजाचं वर्ष एकपासून, मग तो इ.स.पू. १३२३ आकडा कोणी काढला? बाबांचा मुद्दा बरोबर आहे.

मोडीवाचक

बेरीज करून काढलाय, आणि म्हणूनच प्रत्येक पुस्तकात दहा वीस वर्षांचा फरक असतो. नंतरच्या काळातल्या तारखा बाकीच्या देशांच्या नोंदींशी जुळतात, इ.स.पू. ६६४ पासून पुढे तर पक्क्याच. तिथून मागे मागे एकेका राजाची वर्षं लावत जायचं, कोणाची किती ते मधूनच सापडणाऱ्या तारखांवरून. आणि मधे आधाराला ताऱ्याची खुंटी. व्याध तारा सत्तर दिवस दिसेनासा होऊन मग पहाटे पुन्हा उगवतो, साधारण पुराच्या तोंडावर, तो त्यांचा खरा नववर्षाचा दिवस. कॅलेंडर सरकत असल्यामुळे व्याध अमुक राजाच्या अमुक वर्षी अमुक तारखेला उगवला अशी नोंद मिळाली की कॅलेंडर तेव्हा किती सरकलेलं होतं ते कळतं, आणि त्यावरून साल. सेनुस्रेत तिसऱ्याच्या सातव्या वर्षाची अशी नोंद आहे. पण तो तारा उत्तरेकडच्या मेम्फिसहून बघितला की दक्षिणेला एलेफंटिनीहून यावर उत्तर वीसेक वर्षांनी बदलतं, कारण दक्षिणेला तो काही दिवस आधी दिसतो. २०१० मधे रेडिओकार्बनने पण तपासून झालं, ठरलेला क्रम साधारण बरोबर निघाला.

तूतानखामूनची वर्षं तर दारूच्या रांजणांवरून मोजलीत. थडग्यात वाईनचे रांजण होते, त्यावर शाईने लेबल, वर्ष ४, वर्ष ५, वर्ष ९, मग कुठल्या मळ्यातली, गाळणारा मुख्य माणूस कोण. राजाचं नावच नाही, कारण चालू राजा सगळ्यांना माहीत होता! आणि मधेच एक रांजण वर्ष ३१ चा. पोराने राज्य केलं नऊ दहा वर्षं, त्याच्या थोडं आधीच्या अखेनातेन राजाने सतरा, म्हणजे ३१ हे आजोबा अमेनहोतेप तिसऱ्याचंच असणार. आजोबांच्या कोठारातली जुनी बाटली.

वाळूतला_बगळा

मोडीवाचकांनी रांजणावरून आठवण करून दिली, आता मी माझा सगळ्यात आवडता किस्सा सांगतो, कारण यात नाव आणि वर्ष दोन्ही एकत्र येतात.

अखेनातेनने जुने देव बाजूला सारून सूर्यबिंबाच्या एकाच देवाला धरलं, अातेन एके अातेन केलं. अामून या देवाचं नाव दिसेल तिथून छिन्नीने उडवलं, सख्ख्या बापाच्या अमेनहोतेप या नावात अामून येतो तर तिथलाही काही ठिकाणी उडवला. तूतानखामूनचं जन्मनाव आधी तूतानखातेन होतं, बायको आंखेसेनपाअातेन. धर्म परत फिरला तसं दोघांनी नावं फिरवली. त्याच्या सोन्याच्या सिंहासनावर अजून दोन्ही नावं आहेत, अातेनवालं आणि अामूनवालं, म्हणजे ते घडवलं जातानाच की नंतर कधीतरी वारं फिरलं होतं. गादीवरचं नेबखेपेरूरे मात्र तसंच, कारण त्यात फक्त रा आहे, रा दोन्ही पार्ट्यांना चालायचा.

पुढे होरेमहेब नावाचा सेनापती राजा झाला आणि या सगळ्या घराण्याला इतिहासातून काढायचं ठरलं. नावं खरवडणं सोपं आहे हो, दगड आणि छिन्नी. पण त्यांची वर्षं? सतरा अधिक नऊ अधिक बाकीचे, तीसेक वर्षं झाली, या काळात लोक जन्मले, जमिनी विकल्या, कज्जे झाले. राजा नव्हताच म्हटलं तर ती वर्षं कोणाच्या खात्यावर टाकायची? सक्कारामधे मेस नावाच्या माणसाच्या थडग्यात भिंतीवर जमिनीच्या भाऊबंदकीचा अख्खा खटला कोरलाय, रामसेस दुसऱ्याच्या काळातला, त्यात जुना पुरावा देताना तारीख येते होरेमहेबचं वर्ष ५९. होरेमहेबने जास्तीत जास्त सत्तावीस वर्षं राज्य केलं असेल, काही जण तर चौदाच म्हणतात. उरलेली अखेनातेनपासूनच्या सगळ्यांची, सरसकट याच्या खात्यावर जमा. अखेनातेनचा उल्लेख करावा लागला तिथे नाव नाही, "अखेतातेनचा तो शत्रू". अबिदोसला सेती पहिल्याच्या देवळात ७६ राजांची यादी आहे (बहुतेक गादीवरची नावं बरं का, भाचेसाहेब), तीपण अमेनहोतेप तिसऱ्यावरून थेट होरेमहेबवर उडी मारते. राजा झालेली बाई हातशेप्सूत पण गायब.

बँकवाल्या बाबांना सांगा, खातं बंद केलं पण बॅलन्स ट्रान्सफर करावाच लागला.

शंकासूर

हे पटलं. पण मग निब्हुरुरिया म्हणजे तूतानखामूनच हे नक्की कशावरून? अखेनातेनचं गादीवरचं नाव पण जवळजवळ तसंच आहे ना, नेफेरखेपेरूरे.

वाळूतला_बगळा

पकडलंत. हा वाद खराच आहे. हित्ती लोकांच्या (आजच्या तुर्कस्तानातलं तेव्हाचं राज्य) नोंदीत एक प्रसंग येतो, इजिप्तचा राजा "निपखुरुरिया" मेला आणि त्याची विधवा हित्ती राजा सुप्पिलुलियुमाला लिहिते, माझा नवरा गेला, मला मुलगा नाही, तुझा एक मुलगा पाठव, नोकराशी मी लग्न करणार नाही. त्याला विश्वास बसेना, माणूस पाठवून चौकशी केली, मग झन्नान्झा नावाचा मुलगा पाठवला आणि तो मारला गेला. आता निपखुरुरिया म्हणजे नेबखेपेरूरे की नेफेरखेपेरूरे, एका अक्षराचा खेळ आहे, त्यावर विधवा कोण ते ठरतं. बरेच जण तूतानखामून म्हणतात, मीही, पण छातीठोकपणे नाही.

आणि त्या राणीचं नाव हित्ती कारकुनाने काय लिहिलंय माहितीये? दाहामुन्झू. कित्येक दिवस लोक ते तिचं नाव समजत होते. ते "ता हेमेत नेसू" आहे, इजिप्शियनमधे राजाची बायको. म्हणजे दूताने विचारलं कोणाकडून आलात आणि समोरच्याने सांगितलं बाईसाहेबांकडून, याने लिहिलं, नाव: बाईसाहेब.

भाचा_नंबर_तीन

सगळं प्रिंट काढून डायनिंग टेबलवर ठेवलंय. बाबा आता म्हणतात वर्ष ५९ ची एंट्री म्हणजे सरळसरळ बुक अॅडजस्टमेंट आहे, हे त्यांना आवडलेलं दिसतंय. आत्या जिंकल्याच्या आनंदात आहे.

शेवटचा प्रश्न. तिचं नाव आशा. पेंडंटवर उभं कोरलंय, वरून खाली एक पक्षी, मग रिकामा आयत, मग परत पक्षी आणि अगदी तळाला कार्तूशच्या बाहेरून एक आडवी रेघ. बरोबर लिहिलंय का? पक्षी उजवीकडे बघतोय. पैसे बरेच घेतलेत.

वाळूतला_बगळा

पक्षी म्हणजे गिधाड, टुरिस्ट दुकानात ते अ साठी वापरतात. आयत म्हणजे तळं, त्याचा श. परत गिधाड. आशा बरोबर आहे. उभ्या ओळीत वरून खालीच वाचायचं, पक्षी कुठे बघतोय त्याची काळजी आडवं लिहिलं असतं तर. तळाची रेघ ही दोरीची गाठ आहे, कार्तूश म्हणजे मुळात दोरीचा वेढा, तीही जागच्या जागी आहे.

फक्त गिधाडाचं डोकं गोल आहे की मागून चपटं ते बघून सांगा. गोल असेल तर ते गिधाड नाही, बझर्ड नावाचा शिकारी पक्षी आहे, त्याचा उच्चार वेगळा होतो, तिऊ.

भाचा_नंबर_तीन

आत्या चष्मा शोधतीये, थांबा.